तीन एकरांची हजामत

जुलै लागला की आमच्या कोव्हमधली, म्हणजे समुद्राच्या या छोट्या आखातकाठची माणसं बोलताना आमच्या तोंडाकडे बघत नाहीत, आमच्या खांद्यावरून मागे बघतात. मागे आमचं शेत आहे. शेत म्हणजे तीन एकर गवत, टेकडीच्या पायथ्याशी सुरू होऊन थेट समुद्राच्या गोट्यांमध्ये जाऊन संपणारं. या दिवसांत ते मांडीला लागतं. वारा आला की सगळं एका अंगावर कलतं आणि मधूनमधून क्लोव्हरची जांभळी फुलं डोकं वर काढतात. "गवत चांगलं आलंय यंदा," रस्त्यावर ट्रक थांबवून कुणीतरी म्हणतं. आम्ही हो म्हणतो. मग तो माणूस घसा खाकरतो, आमच्या ह्यांच्याकडे वळतो आणि विचारतो, "काय बार्बर, यंदा काय विचार?" आणि स्टिअरिंगवर थाप मारून हसत सुटतो. चार वर्षं झाली. विनोद तोच, थापही तीच.

बार्बर म्हणजे आमचे सुधीरराव. जन्म पुण्यातला, नोकरी सॉफ्टवेअरमधली, आयुष्यात स्वतःची दाढी सोडून दुसऱ्या कुणाची केलेली नाही. पण या गावाने एकदा नाव ठेवलं की ते पासपोर्टपेक्षा पक्कं. सात घरांपैकी पाच घरं मॅकनील, त्यात तीन नील मॅकनील. म्हणून एक लाल नील, एक लांब नील आणि एक फोनवाला नील. फोनवाला का, तर गावातला पहिला टेलिफोन त्याच्या आजोबांकडे आला होता. आजोबा गेले, तो टेलिफोनही गेला, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, पण फोनवाला तो फोनवालाच. म्हणजे उद्या आमची नातवंडं इथे आली तर बार्बरची नातवंडं म्हणूनच ओळखली जाणार, हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलंय.

गाव कसलं, वळण आहे ते. केप ब्रेटन बेटाच्या पश्चिम अंगाला रस्ता समुद्राकडे उतरतो, सात घरं दाखवतो आणि घाबरल्यासारखा परत वर चढतो. यांचे खापरपणजे स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरून बोटीत बसून आले आणि आल्या आल्या त्यांनी काय करावं? मागे सोडलेलं गाव होतं तसंच्या तसं इथे मांडून ठेवलं. प्रत्येक घराला समुद्रापासून टेकडीपर्यंत जमिनीची एक अरुंद पट्टी. त्यात घर, एक गाय, बटाट्याचे वाफे, वाफ्यांना खत म्हणून किनाऱ्यावरचं शेवाळ. वरची टेकडी सगळ्यांच्या मेंढ्यांची मिळून. या पट्टीला ते क्रॉफ्ट म्हणतात. एवढा मोठा देश समोर पसरलेला, आणि ही माणसं पुन्हा तेवढ्याच पट्टीत जाऊन बसली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग आठवलं, मिसिसागातल्या माझ्या फ्रीजरमध्ये मीही नागपूरचं तिखट अकरा डब्यांत मांडून ठेवलं होतं.

तर आम्ही मिसिसागाचे, इथून दोन दिवसांच्या गाडीवाटेवरच्या शहरातले. ऑफिसने घरून काम करायला सांगितलं, मुलगी शिकायला व्हँकुव्हरला गेली आणि सुधीररावांना समुद्राचं वेड लागलं. घर त्यांनी इंटरनेटवर पाहिलं आणि इंटरनेटवरच ठरवलं. मी नागपूरची. समुद्र मला कॅलेंडरवर आवडतो. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे उन्हाळा असतो, इथल्यासारखा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन चहा न पिता निघून जाणारा नव्हे. पण आले. मार्चमध्ये आलो तेव्हा सगळं बर्फाखाली होतं, त्यामुळे आपण नक्की काय घेतलंय हे दोघांनाही दिसलं नव्हतं.

जूनमध्ये दिसलं. गवत गुडघ्याला आलं आणि सुधीररावांची झोप उडाली.

त्याचं असं की एकदा आम्ही इंडियातून महिन्याभराने परतलो तेव्हा मिसिसागाच्या घराच्या दारावर नोटीस चिकटवलेली होती. लॉन वीतभर वाढलंय, कापा. पुण्याचा माणूस, आयुष्यात पहिली नोटीस. त्यानंतर त्यांनी दर शनिवारी लॉन असं कापलं की गवताने वर यायचा विचारच सोडून दिला. आता इथे तीन एकर!

"अगं, नोटीस येईल," ते म्हणाले.

"बाप्पा! कोण देईल नोटीस? तो सील?" खडकावर एक सील उताणा पडला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

पण नाहीच ऐकलं. बसून चालवायचा केशरी लॉनमोवर ट्रकमधून आला. मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती नेहमीसारखी इंग्लिशमध्ये म्हणाली, "बाबा, आय डोन्ट थिंक दॅट्स अ लॉन."

"घरासमोर आहे, हिरवं आहे, मग दुसरं काय आहे?" बाबांनी फोन ठेवला, कानाला हेडफोन लावले, डोक्यावर टोपी घातली आणि निघाले. दोन दिवस लागले. एक पट्टा फिकट, एक गडद, क्रिकेटच्या मैदानावर असतात तसे. कापलेलं गवत मशीनमध्येच चुरा होऊन मातीत पडत होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा.

गाव बघत होतं. लांब नीलने ट्रक थांबवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "नीटनेटकं केलंत हं." लाल नील म्हणाला, "असं इथे कुणी केलं नव्हतं." सुधीरराव संध्याकाळी मला म्हणाले, "बघ, कौतुक आहे लोकांना." पहिल्याच रविवारी शेजारच्या पट्टीतल्या मोरागबाई हातात ताट घेऊन, त्यावर फडकं टाकून आमच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. एक्क्याऐंशीच्या, काटक, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. फाटकाशी थांबल्या. शेताकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. आणि ताटासकट परत गेल्या.

"लाजल्या वाटतं," सुधीरराव म्हणाले.

या गावाची एक रीत आहे, ती तेव्हा आम्हाला माहीत नव्हती. खरी गोष्ट बसून बोलायची नाही. बसून हवेविषयी बोलायचं, खेकडे, लॉबस्टर, रस्त्यातले खड्डे यांविषयी बोलायचं, तीन कप चहा प्यायचा. मग उठायचं, बूट चढवायचे, दाराच्या कडीवर हात ठेवायचा आणि ज्यासाठी आलो ते सांगून टाकायचं. म्हणजे समोरच्याला वाईट वाटलं तर आपण निघालेलोच असतो. आपल्याकडेही अर्ध्या गप्पा उंबरठ्यावरच होतात म्हणा, पण आपण तिथे लोणच्याची कृती सांगतो. ही माणसं तिथे बॉम्ब टाकतात.

जुलैच्या सुरुवातीला फोनवाला नील आला. चाळीस मिनिटं धुक्यावर बोलला. तीन कप चहा झाला, माझा चिवडा संपला. उठला, बूट घातले, कडीवर हात ठेवला.

"तुमचं गवत," तो म्हणाला, "मोरागच्या गायीचं असतं. हिवाळ्याचं. कागदावर नाही काही, पण ज्याच्याकडे गाय त्याला तुमच्या या मधल्या पट्टीचं गवत, हे पहिल्यापासून चालत आलंय. आता गावात एकच गाय उरलीय, तिची क्वीनी. गवत नाही म्हणजे क्वीनी विकावी लागेल. क्वीनी गेली की मोरागला इथे ठेवायला काही कारण नाही. तिचा मुलगा इयन केव्हाचा म्हणतोय ओटावाला ये म्हणून. त्याचा कॉन्डो आहे, ओ-ट्रेनच्या रुळांना लागून. बरंय, निघतो."

आणि निघाला.

सुधीरराव खुर्चीत बसले. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आमचं मैदान उन्हात चकाकत होतं, फिकट, गडद, फिकट, गडद. पलीकडे कुंपणावरून एक तपकिरी गाय मान काढून नेमकं तिकडेच बघत होती.

"अहो," मी म्हणाले, "काय करून बसले तुम्ही हे! मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढला न!"

मला रागापेक्षा लाज वाटत होती. आपण कुठेही राहायला गेलो की आधी शेजारी विचारतो, पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा. इथे आम्ही इंटरनेट कुठल्या कंपनीचं हे सोडून कुणाला काही विचारलं नव्हतं. आणि महिनाभर हे लोक आम्हाला नीटनेटकं केलंत म्हणत होते!

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. सुधीररावांनी माफीचे मुद्दे फोनमध्ये लिहून घेतले होते. मोरागबाईंनी चहा दिला, ओटची कडक बिस्किटं दिली, हवेविषयी बोलल्या. सुधीररावांनी मुद्दा क्रमांक एक काढला की त्या बशी पुढे करायच्या. शेवटी म्हणाल्या, "गवतच आहे. परत येतं." आम्ही उठलो. त्याही दारापर्यंत आल्या, कडीवर हात ठेवला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण आमचे सुधीरराव! भावना आवरत नाहीत म्हणजे नाहीत. ते एकदम म्हणाले, "मोरागबाई, मी शब्द देतो. हिवाळ्याआधी तुमच्या गोठ्याचा माळा गवताने भरून देतो. क्वीनी कुठेही जाणार नाही, आणि तुम्हीही नाही!"

मोरागबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "विळा चालवता येतो का?"

येत नव्हता. पण गावाची अशी समजूत होती की इंडियातली माणसं म्हणजे गायींची जाणकार. सुधीररावांची गायीशी जवळून ओळख म्हणजे लक्ष्मी रोडवर स्कूटरला आडवी आलेली एक. माझी, सीताबर्डीला माझी भाजीची पिशवी खाल्लेली दुसरी. हे आम्ही कुणाला सांगितलं नाही.

गवत विकत का नाही आणलं, असं मुलीने विचारलं. मीही विचारलं होतं. मोरागबाईंच्या गोठ्यात विकतची काडी कधी गेली नव्हती आणि त्या ती घेणारही नाहीत, असं फोनवाल्याने सांगितलं, अर्थात कडीवर हात ठेवूनच. मग उरलं काय? जिथे जिथे आमचा लॉनमोवर पोचला नव्हता ते सगळं. रस्त्याच्या कडेचं, गावच्या हॉलच्या मागचं, शेवटच्या रिकाम्या घराच्या अंगणातलं आणि कब्रस्तानातलं. मोरागबाई स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन यायच्या, मॅकनीलांच्या थडग्यांच्या मधोमध बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. इथला विळा माणसाएवढ्या दांड्याचा असतो. वाकायचं नाही, कमरेतून फिरायचं. सुधीरराव फिरले ते गोलच फिरले आणि कुण्या रॉडरिक मॅकनीलच्या दगडावर पातं आपटलं. "त्याला चालेल," मोरागबाई म्हणाल्या. "तो जिवंतपणीही कुणाच्या मध्येच उभा असायचा."

हळूहळू जमलं. सकाळी दव असताना गवत मऊ कापलं जातं, पातं फिरताना कापड टरकावल्यासारखा आवाज येतो, मागे ओळीत गवत पडत जातं. माझ्या हाताला फोड आले, यांच्या पाठीत उसण भरली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुधीरराव कॅमेरा बंद ठेवून जमिनीवर आडवे पडून बोलायचे.

पण कापणं सोपं होतं. वाळवणं हे खरं दुखणं. वाळायला तीन दिवस ऊन पाहिजे आणि इथे तीन तासांत समुद्रावरून धुकं येतं. आलं की घरं जातात, कुंपण जातं, गाय जाते, फक्त तिच्या गळ्यातली घंटा राहते. पहिल्या खेपेचं सगळं गवत भिजलं आणि काळं पडलं. सुधीरराव त्याच्याकडे असे बघत उभे होते की मला भरून आलं. हा माणूस शब्द देऊन बसला होता आणि तो शब्द डोळ्यांदेखत कुजत होता.

मी त्या काळ्या गवताकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे तर वाळवण आहे! एवढंच न? नागपूरच्या गच्चीवर माझी अख्खी शाळेची सुटी वाळवण राखण्यात गेली. कुरडया, शेवया, मूगवड्या, सांडगे. कधी पालटायचं, कधी उचलायचं, वळवाचा ढग कुठल्या कोपऱ्यातून येतो, हे मला कुणी शिकवायला नको. आणि वाळवण कुणी जमिनीवर घालतं का? वाळवण घालायचं जुन्या साडीवर! आभाळ दाटलं की चार टोकं धरायची आणि घरात पळायचं.

बॅग काढली. मराठी मंडळाच्या गणपतीला नेसून नेसून जुन्या झालेल्या नऊ साड्या निघाल्या. लग्नाचा शालू तेवढा परत ठेवला. दुसऱ्या दिवशी कब्रस्तानाच्या उतारावर जांभळी, मोरपंखी, राणी कलर, ठिपक्यांची, सगळ्या अंथरल्या आणि त्यांवर गवत पातळ पसरलं. दर तासाला दाताळ्याने पालटलं. गाव कुंपणाला रेलून बघत होतं. या खेपेला कुणी नीटनेटकं म्हणालं नाही, म्हणून मला जरा आशा वाटली.

दुपारी समुद्रावर पांढरी रेघ दिसली. "उचला!" मी नागपूरच्या गच्चीवरून ओरडायचे तशी ओरडले. आणि काय सांगू, तिन्ही नील कुंपण ओलांडून धावत आले. लांब नीलच्या पाठीवर माझी राणी कलरची साडी, लाल नीलच्या पाठीवर नारायणपेठ, फोनवाल्याने ठिपक्यांच्या साडीचं गाठोडं थेट डोक्यावरच घेतलं. लॉबस्टर पकडणारी धिप्पाड माणसं, रबरी पँट घातलेली, साड्यांची गाठोडी घेऊन थडग्यांमधून पळतायत, मागे धुकं, त्यामागे सुधीरराव, एक हात उसण भरलेल्या कमरेवर. मोरागबाई खुर्चीत बसून हसत होत्या, इतक्या की डोळे पुसायला त्यांनी माझ्या साडीचाच पदर घेतला. ऑगस्टअखेर माळा भरला. क्वीनीने चव घेता घेता मोरपंखी साडीचे काठ खाल्ले, ते मी तिला माफ केलं.

वाळलेल्या गवताच्या वासाला मी अजून दुसरं नाव देऊ शकलेले नाही. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावून पहिलं पाणी सोडलं की एप्रिलमध्ये आमच्या घरात जो वास सुटायचा, तोच. थंडीत मोरागबाईंच्या गोठ्यात गेले की नाकात नागपूर भरतं आणि तोंडातून वाफ निघते. मी तिथे कारण नसताना जाऊन उभी राहते. क्वीनीला सवय झालीय.

त्या ऑक्टोबरात इयन ओटावाहून गाडी घेऊन आला होता, आईला न्यायला. मोरागबाई त्याला शिडीवरून माळ्यावर घेऊन गेल्या. "बघ," म्हणाल्या, "लोकांनी एवढं केलंय. हे टाकून कशी येऊ? शोभतं का ते?" इयन बटाट्यांचं पोतं घेऊन परत गेला. सुधीरराव दोन दिवस शीळ वाजवत फिरत होते. तेव्हापासून दर जुलैत आमचं शेत विळ्याने कापतात आणि साड्यांवर वाळवतात. केशरी लॉनमोवर शेडमध्ये आहे. त्यावर कोंबड्या बसतात.

काल मोरागबाई चहाला आल्या. पंच्याऐंशीच्या झाल्यात, आता काठी लागते. हवेविषयी बोलल्या, सीलविषयी बोलल्या, तीन कप झाले. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांनी कडीवर हात ठेवला आणि मी कान टवकारले, कारण आता मला रीत माहीत आहे.

"तुझ्या नवऱ्याने शेताची हजामत केली ना, त्या वर्षी," त्या म्हणाल्या, "क्वीनी मी आधीच विकली होती. मे महिन्यातच शब्द दिला होता. बॅग भरलेली होती. तुमच्याकडे ताट घेऊन आले होते ते हेच सांगायला, की यंदा गवत नको, मी ओटावाला चाललेय."

माझा आ वासला. "मग सांगितलं काऊन नाही?"

"शेत बघितलं आणि हसू आवरेना. असं तोंड घेऊन कसं येणार? म्हटलं, मग सांगू. तुम्ही माफी मागायला आलात तेव्हा दारात सांगतच होते. तर तुझा नवरा आधीच बोलून बसला." त्या शेताकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं मला कुणी राहा म्हटलं नव्हतं गं. सगळे ये म्हणायचे. मग त्या गाय घेणाऱ्याला फोन करून नाही म्हटलं."

"दोन महिने आम्ही कब्रस्तानातलं गवत कापलं, मोरागबाई!"

"चांगलं कापलंत." कडी वाजली. "परवा इयनचा फोन होता. पुन्हा तेच. मी म्हटलं, बार्बरचं गवत अजून उभं आहे, आत्ता कसं सांगू? शनिवारपासून तीन दिवस ऊन दिसतंय. साड्या काढून ठेव."

आणि गेल्या, काठी टेकत, गवताच्या कडेकडेने. मी फाटकाशी उभी राहून रडले. थोडं रडले, थोडं हसले, नाक पुसलं.

सुधीररावांना यातलं काहीही सांगितलेलं नाही. चार वर्षं हा माणूस पश्चात्तापाने गवत कापतोय, आणि पश्चात्ताप संपला तर तीन एकर कोण कापणार? हा लेख कुठे छापून येईल आणि त्यांच्या हाती पडेल तोवर यंदाची गंजी रचून झालेली असेल, मग बघू. घरात आले तेव्हा ते पायरीवर बसून पात्याला धार लावत होते.

"काय म्हणाल्या मोरागबाई?"

"काही नाही," मी म्हणाले. "शनिवारी ऊन आहे म्हणाल्या." आणि माळ्यावरची बॅग काढायला गेले. यंदा शालूही बाहेर काढला.